पावती कुणाच्या नावाने फाडू?

तळेगाव स्टेशनाकडून आंबीवरून नवलाख उंबऱ्याच्या रस्त्याला लागलं की मावळची संस्कृती आपोआप वाचून होते, कारण ती फ्लेक्सवर छापलेली असते. एका वळणावर अखंड हरिनाम सप्ताह, मध्यभागी काल्याच्या कीर्तनाचे महाराज आणि चारी बाजूंनी अन्नदाते. त्याच्या पाठीला पाठ लावून बैलगाडा शर्यत. त्यावर बैल मालकापेक्षा मोठा आणि मालकापेक्षा गंभीर. पुढे कंपनीच्या भिंतीला टेकून छठपूजेच्या हार्दिक शुभकामना, मग दुर्गापूजा, मग एका सोसायटीच्या फाटकावर ओणम, आणि खाली बारीक अक्षरात 'सद्या'च्या जेवणाची कूपनं कुठे मिळतील ते. या सगळ्या फ्लेक्सांवर एक माणूस कायम असतो. पांढरा शर्ट, काळा चष्मा, जोडलेले हात. सप्ताहात तो माळकरी असतो, शर्यतीत गाडाप्रेमी, छठला पूर्वांचलप्रेमी, आणि ओणमला नुसताच 'भावी'. भावी काय, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. बहुसांस्कृतिक समाज म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी या गृहस्थाकडे बोट दाखवीन.

नावातच नऊ लाख उंबरे असलेल्या गावाला येणाऱ्या-जाणाऱ्याची धास्ती नसावी. इथं येणारे येतातही दुरून. शेजारच्या एमआयडीसीत अमेरिकन मोटारवाल्यांनी २००८ साली कारखाना सुरू केला, २०२०च्या शेवटी गाड्या काढणं थांबवलं, आणि पुढे तोच कारखाना कोरियनांनी घेतला. पिवळी यंत्रं करणारे इंग्रज आहेत, बेअरिंग करणारे जर्मन आहेत. साहेब परदेशचे, मॅनेजर पुण्याचे आणि हात सगळ्या हिंदुस्थानचे. त्या हातांना राहायला खोल्या लागतात. ज्यांची जमीन गेली त्यांनी उरलेल्या गुंठ्यांवर चाळी बांधल्या, आणि आता भाताच्या खाचरापेक्षा खोल्यांचं पीक खात्रीचं येतं.

गावातले एक अध्यक्ष माझ्या माहितीचे. कशाचे अध्यक्ष ते विचारू नका. एकदा अध्यक्ष झालेला माणूस मग कशाचाही असतो. त्यांच्या चाळीत ओडिशाचा फिटर आहे, बिहारचा वेल्डर आहे आणि परभणीकडचा एक ऑपरेटर आहे. हा ऑपरेटर शुद्ध मराठी बोलतो, तरी चाळीत तो 'बाहेरचा'च. त्याची जयंती वेगळी, त्याचा फ्लेक्स वेगळा, आणि त्याच्या भाजीतलं तिखट तर वेगळ्या राज्याचं.

गणपतीच्या आधी पोरं पावतीपुस्तक घेऊन चाळीत येतात.

"पावती कुणाच्या नावाने फाडू?"

फिटर नाव सांगतो. पोरगं लिहायला घेतं, जोडाक्षरापाशी अडतं, पुन्हा विचारतं, पुन्हा अडतं, आणि शेवटी लिहितं: 'ओरिसाभाऊ, खोली नं. ७, रु. २५१'. फिटर हसतो. दोनशे एक्कावन्न रुपये गेल्यावर माणूस हसतो म्हणजे तो गावात रुळला असं समजावं.

पुढे रथयात्रेच्या वेळी फिटरच्या समाजाची माणसं पावतीपुस्तक घेऊन अध्यक्षांच्या दारात. "आपका शुभ नाम?" आता अध्यक्षांचं शुभ नाम म्हणजे नुसतं नाव नाही. आधी 'मावळभूषण', मग 'कार्यसम्राट', मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि शेवटी कंसात सगळे हाक मारतात ते नाव. पावतीवरची ओळ चार इंचांची. त्या लोकांनी विचार केला आणि लिहिलं: 'मकान मालिक'. अध्यक्ष पुढे बरेच दिवस त्या पावतीकडे बघून उसासे टाकत होते. "आपण यांना ओरिसाभाऊ तरी म्हणतो," ते मला म्हणाले, "यांनी तर मला खोलीवरूनच ओळखलं."

पावतीच्या ओळीत न मावणाऱ्या माणसांचा हा प्रश्न मावळात जुना आहे. इथून काही मैलांवर कार्ल्याचं लेणं आहे. चैत्यगृहात सदतीस खांब. त्यांतल्या बऱ्याच खांबांवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. गाइड ते 'प्राचीन शिलालेख' म्हणून दाखवतो आणि लोक आदरानं मान वर करतात. मंडळाचं काम केलेल्या माणसाला मात्र ते काय आहे ते क्षणात कळतं. ते पावतीपुस्तक आहे. अमुक गावच्या अमक्याने हा खांब दिला, इतकंच. ना उपदेश, ना तत्त्वज्ञान. देणाऱ्याचं नाव, गाव आणि रक्कम. फक्त रक्कम दगडात दिलेली.

आणि देणारे कोण? धेनुकाकट नावाच्या गावचे कितीतरी जण. हे गाव नक्की कुठलं यावर विद्वानांत अजून वाद आहे. त्या गावच्या काही देणगीदारांनी स्वतःला 'यवन', म्हणजे परकीय, म्हणवून घेतलंय, आणि नावं मात्र सिहधय, यसवधन अशी इथल्या वळणाची. म्हणजे एक तर त्यांनी नावं बदलली असतील, किंवा कोरणाऱ्यानं मूळ नाव ऐकलं, जोडाक्षरापाशी अडला, आणि सोयीचं लिहून मोकळा झाला. खोली नंबर तेवढा लिहायचा राहिला. लेण्याच्या दरवाज्याचं काम करणारा सुतार धेनुकाकटचा, त्यासाठी दान देणारा गंधी सिंहदत्तही तिथलाच. अत्तरवाल्यानं दरवाजा दिला हे मला फार आवडतं. आजही देवळाच्या कमानीवर ज्याचं नाव सगळ्यांत मोठं असतं त्याचा धंदा आणि देवाचा संबंध लावायला जरा वेळच लागतो.

पण खरी गंमत पुढे आहे. शेजारी एक नऊ खोल्यांचा मंडप कोरलाय, सातवाहन राजा पुळुमावीच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षी. देणगीदार सेतफरणाचा मुलगा हरफरण, राहणार अबुलामा. हे नाव अभ्यासक इराणी वळणाचं मानतात. तात्पर्य, मावळातले जुने मंडप देणाऱ्यांपैकी एक आपल्या आजच्या हिशेबानं परप्रांतीयसुद्धा नव्हे, बहुधा चक्क परदेशी. त्याचं भाडं त्यानं घेतलं नाही, पडदे परत नेले नाहीत आणि मंडप अजून उभा आहे. आमच्या मंडपवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तेव्हा जीएसटी नव्हता."

आणि फ्लेक्सची भाषा? वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी, तिथला भूतपाल नावाचा शेठ कार्ल्याच्या व्हरांड्यात लिहून गेलाय की हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. स्वतः पैसे द्यायचे आणि स्वतःच 'सर्वोत्कृष्ट' जाहीर करायचं, परीक्षकांची वाट बघायची नाही. गणेशोत्सवातल्या देखावा स्पर्धांचा सगळा त्रास या गृहस्थानं एका ओळीत मिटवला होता. आपल्याला मात्र त्याचा अभिमान बाळगताना अडचण येते, कारण तो पडला सीमेपलीकडचा.

त्याच चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरा आईचं देऊळ. आई कोळ्यांची, आगऱ्यांची, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची. चैत्रात मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरून पालख्या येतात, आणि समुद्राची माणसं डोंगर चढून देवीला भेटतात. बुद्धाच्या दारात आई, आईच्या दारात कोळी, कोळ्यांच्या मागे ताशा आणि ताशाच्या मागे चिक्कीवाला. इतकी सरमिसळ असूनही तिथं दोन हजार वर्षांत कुणी 'विविधता समिती' नेमलेली नाही. नेमली असती तर पायऱ्या अजून मंजूर व्हायच्या होत्या.

हे सगळं मी एकदा गावातल्या बैठकीत सांगायचा प्रयत्न केला. बैठक होती 'अस्सल मावळी खाद्य महोत्सवा'ची. आपली ओळख पुसली जाते आहे, चौकात लिट्टी मिळते आणि मासवडी मिळत नाही, असं एका तरुण कार्यकर्त्याचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ते त्यानं मोमो खाताना मांडलं. ठरलं असं, की महोत्सवात सगळं अस्सल हवं. बाहेरचा कण नको. सुरुवात भातापासून, कारण इंद्रायणी तांदूळ ही मावळची शान. कुणाचं दुमत नव्हतं.

आता इंद्रायणीची कुळकथा सांगणं मला भाग होतं. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. इथवर माना डोलल्या. त्याच्या एका बाजूला आपला आंबेमोहोर १५७. आणखी माना डोलल्या. दुसऱ्या बाजूला आयआर-८, म्हणजे फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ साली दिलेला वाण. इथं माना थांबल्या. आणि त्या आयआर-८चे आईबाप म्हणजे एक इंडोनेशियाचा वाण, दुसरा तैवानचा. म्हणजे आपल्या शानचं आजोळ फिलिपिन्सला, आणि आजी-आजोबांचा तर आंतरदेशीय विवाह.

बैठकीत शांतता पसरली. एका ज्येष्ठांनी विचारलं, "पण वास तर आपला आहे ना?" वास आपला आहे. आंबेमोहोराकडून आलाय. उंची कमी, ओंब्या भरघोस, पीक हातात, ते आयआर-८कडून. आवाजात थोडा विश्वास परत आला. कुणीतरी म्हणालं, "मग सून बाहेरची, पण घर आपलं, असं धरू." ठराव झाला की इंद्रायणी अस्सल मावळी आहे आणि हा विषय पुन्हा काढू नये. मिरची आणि शेंगदाणा अमेरिकेहून पोर्तुगिजांच्या काळात इकडे आले, हे तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. संध्याकाळी मटण होतं आणि मला रस्सा हवा होता.

महोत्सवाचं उद्घाटन मात्र निःसंशय मराठी पद्धतीनं झालं. जेसीबीतून फुलं उधळली. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जेसीबीशिवाय मिरवणूक अपुरी वाटते. गुलाल त्यातून, फुलं त्यातून, आणि पुढाऱ्याच्या गळ्यातला ट्रॅक्टरभर हार क्रेनवर. मराठी अस्मितेचं इतकं ठसठशीत, पिवळं प्रतीक दुसरं नाही. ती तीन अक्षरं जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रजाची, ज्यानं १९४५ साली तिकडे स्टॅफर्डशरमध्ये धंदा काढला. एका कार्यकर्त्याला मी ते लघुरूप विचारलं. तो छातीठोकपणे म्हणाला, "ज म्हणजे जय. पुढचं ज्याच्या त्याच्या मंडळावर." खरं तर त्याचं उत्तर बॅमफर्डसाहेबांपेक्षा जास्त खरं आहे. यंत्र इथल्या एमआयडीसीत तयार होतं, चालवणारा गावचा, आणि फुलं उधळण्याची कल्पना स्टॅफर्डशरच्या स्वप्नातही नव्हती.

फुलांचं तर विचारू नका. तळेगावला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आहे, आणि फेब्रुवारीत मावळचा गुलाब परदेशी जातो, व्हॅलेंटाइनसाठी. त्याच फेब्रुवारीत संस्कृतीरक्षणाचं निवेदन निघतं. निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी काहींचे मेहुणे पॉलिहाउसवाले असतात, त्यामुळे निवेदन तेरा तारखेला देतात. माल तोवर विमानात चढलेला असतो.

पण सुरुवातीच्या त्या पावतीपुस्तकातल्या वर्गणीवरून आठवलं ते सांगायलाच हवं, कारण तळेगावचं नाव एके काळी वर्गणीमुळेच देशभर झालं होतं. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाच्या डोक्यात आलं की प्रत्येकानं फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करावेत. पैसा फंड. लोकमान्यांनी पाठबळ दिलं. एक पैसा मागायला दारोदार जायचं ही किती मोठी गोष्ट आहे ते ज्यानं एकदा तरी पावतीपुस्तक हातात धरलंय त्यालाच कळेल. पाचशे मागितले तर माणूस दोनशे देतो. एक पैसा मागितला तर आधी संशय घेतो. तरी पैसा जमला आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला.

आता हा मराठी पैशांचा, मराठी पुढाऱ्यांचा, मराठी मातीतला कारखाना. काच कुणाला येत होती? मराठी माणसाला नव्हती येत. मग ईश्वरदास वार्ष्णेय आले, आजच्या उत्तर प्रदेशाकडचे, काचेची विद्या जपान आणि अमेरिकेत शिकलेले. त्यांनी इथल्या पोरांना भट्टीसमोर उभं केलं. तेव्हा कुणी त्यांना 'किती दिवस राहणार?' असं विचारलं असेल का, मला शंका आहे. वितळलेली काच नळीच्या टोकावर असताना माणूस असले प्रश्न विचारत नाही. तळेगावच्या त्या कारखान्यात शिकलेले लोक पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. म्हणजे 'बाहेरचे' झाले.

आणि बाहेर जाऊन बसण्याची परंपरा तर मावळची स्वतःची आहे. तळेगावचे दाभाडे मराठ्यांचे सेनापती. त्यांच्या हाताखालचे गायकवाड अठराव्या शतकात गुजरातेत गेले. खोली भाड्यानं घ्यायला नव्हे, राज्य करायला. बडोद्याच्या लोकांनी सुरुवातीला विचारलंच असणार की ही मंडळी किती दिवस राहणार. उत्तर: १९४९पर्यंत. संस्थान विलीन झालं तरी मंडळी तिथंच आहेत, आणि तिथल्या वाड्यांत अजून गणपती बसतो. लंडनला न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं महाराष्ट्र मंडळ निघालं १९३२ साली. इंग्रज राज्य करत होता आणि आपण त्याच्या राजधानीत मंडळ काढून बसलो होतो. आज आमच्या गावातल्या एका काकांचा मुलगा अमेरिकेत ढोल-ताशा पथकात आहे. तिथल्या नगरपालिकेनं ढोलाला परवानगी देताना आवाजाची अट घातली म्हणून काका इथं चौकात संतापतात. "आपल्या संस्कृतीची कदर नाही त्यांना." एवढं बोलून काका ग्रामपंचायतीत अर्ज देतात की छठच्या लाउडस्पीकरचा त्रास होतो.

छठवरून सांगतो, कारण गेल्या कार्तिकात या विषयाचा खरा कस लागला. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावात काकडा असतो. पहाटे देवळात टाळ, भजन, आरती. आणि त्याच महिन्यात, कार्तिक शुद्ध षष्ठीच्या संध्याकाळी आणि सप्तमीच्या पहाटे, इंद्रायणीच्या काठी छठ. निर्जळी उपवास केलेल्या बाया सुपात ऊस, केळी, ठेकुआ घेऊन पाण्यात उभ्या, सूर्य उगवायची वाट बघत. देवळातही पहाट, नदीवरही पहाट. इकडे विठ्ठल उठायचा, तिकडे सूर्य. लाउडस्पीकर दोघांचाही, आणि कायद्यानं दोघांचाही सकाळी सहापर्यंत बंद. म्हणजे बेकायदेशीरपणातही पूर्ण समता.

भांडण होणार असं सगळ्यांना वाटत होतं. भांडण झालं नाही, कारण त्याच्या आधी एक मोठी अडचण उभी राहिली: जनरेटर एकच. परिसरातला दुसरा जनरेटर लग्नाला गेलेला. मंडपवालाही एकच, चहावालाही एकच, आणि त्या चहावाल्याचं म्हणणं की पहाटे चारला मी एका ठिकाणीच स्टोव्ह पेटवणार, कुठे ते तुम्ही ठरवा. शेवटी देवळाच्या पडवीत संयुक्त बैठक झाली. काकड्याचे विणेकरी, छठ समितीचे वेल्डर, अध्यक्ष, दोन्हीकडचे खजिनदार. मला सल्लागार म्हणून बोलावलं होतं, म्हणजे चहा मिळणार, मत विचारणार नाहीत.

बैठकीत संस्कृतीचा शब्द कुणी काढला नाही. डिझेलवर पाऊण तास गेला. मग असं ठरलं की जनरेटर देवळाजवळ ठेवायचा आणि तिथून केबल घाटापर्यंत न्यायची. केबल वेल्डर जोडणार, कारण गावातल्या वायरमननं जोडलेली केबल गेल्या वर्षी आरतीतच गेली होती. विणेकऱ्यांनी सुचवलं की सप्तमीला काकडा थोडा लवकर आटपू, म्हणजे बायकांना घाटावर जाऊन बघता येईल. त्यांना ठेकुआची कृती हवी आहे. छठवाल्यांनी सुचवलं की परतताना प्रसाद देवळात ठेवू. विणेकरी म्हणाले, ठेवा, पण विठ्ठलापुढे ठेवा, सूर्यापुढे नाही. वेल्डर म्हणाला, "काका, सूरज तो ऊपर से देखेगा ही." यावर विणेकऱ्यांनी त्याला तंबाखू दिली.

अडलं ते मंडपाच्या पडद्यावर. मंडप एक, मागचा पडदा एक, आणि त्यावर विठ्ठल-रुक्मिणी. छठवाल्यांना सूर्यदेव हवा होता. त्यांनी पडदा करून आणला होता, सात घोडे वगैरे सगळं. मग ठरलं की विठ्ठलाचा पडदा आत ठेवायचा, सूर्याचा त्याच्यावर गुंडाळून बांधायचा, आणि षष्ठीच्या संध्याकाळी दोरी सोडायची. पण वर चढून बांधणार कोण? मंडपवाला म्हणाला, माझं काम खांब रोवण्याचं, देव बदलण्याचं नाही.

"ज्याची वर्गणी बाकी आहे तो चढेल," खजिनदार म्हणाले.

दोन्ही बाजूंच्या वह्या उघडल्या गेल्या. मराठी वही, हिंदी वही, एकमेकींशेजारी. पडदा बांधायला चार माणसं पुरली असती. बाकीदार इतके निघाले की तेवढ्यांत दुसरा मंडप उभा राहिला असता.